मुकिंदानं वाचवलेलं बिल

एका गावात एक भोळा नवरा होता. बायको भोळी नव्हती, म्हणून संसार चालला होता.

नवऱ्याचं नाव मुकिंदा. बायकोचं नाव हौसा. घरात तिसरी होती ती मुकिंदाची आई, बयाबाई. घर बयाबाईच्या नावावर होतं, आणि ही गोष्ट ती येणाऱ्याजाणाऱ्याला एकदा तरी ऐकवायचीच.

आता मुकिंदा आळशी होता असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. बिचारा सांगाल ते काम करायचा. सांगाल तेवढंच करायचा. सांगाल तसंच करायचा. गोम होती ती इथंच. "दाराकडं लक्ष ठेवा," असं सांगून हौसा एकदा पाण्याला गेली. मागच्या खिडकीतून बोकड आत शिरलं, टोपल्यातल्या भाकऱ्या खाल्ल्या आणि आल्या वाटेनं निघून गेलं. हा आपला दाराकडं टक लावून बसलेला.

"बोकड कुठनं आलं?" हौसानं विचारलं.

"दारातनं न्हाई आलं," मुकिंदा म्हणाला. आणि ते खरंच होतं.

घरामागच्या खोलीत हौसाचं कांडप होतं. कांडप म्हणजे मिरची कुटायचं मशीन. भिशी भरून भरून तिनं ते घेतलं होतं. हंगाम लागला की गावातल्या बाया वर्षाच्या तिखटाची मिरची घेऊन तिच्या दारात यायच्या. वैशाखात तर खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. लोखंडी मुसळं धाडधाड चालायची, बाया शिंकायच्या, हसायच्या, परत शिंकायच्या. पण मोटरीचं बिल आलं की हौसाच्या तोंडचं पाणी पळायचं. डोळ्याला पाणी यायचं ते मिरचीनं की बिलानं, हे तिचं तिलाच कळायचं नाही.

"असंच चाललं तर कांडप बंद करावं लागंल," ती म्हणायची. "आन ते बंद झालं तर मी काय करू? ह्या घरात माझं म्हनून एवढंच हाय."

मग तिच्या कानावर आलं की छतावर सूर्याची पॅनेलं बसवली की वीज घरच्या घरी तयार होते. दुसरी कुणी असती तर धावत सुटली असती. हौसा शहाणी. पॅनेलांना खर्च किती, बिलातून सुटणार किती, आणि घातलेले पैसे किती वर्षांत निघणार, हे कळल्याशिवाय ती हलणार नव्हती. तालुक्याला बिडकर साहेबांचं दुकान होतं. ते हा हिशोब करून द्यायचे. पण हौसाला सवड कुठली?

"तुमी जावा," ती मुकिंदाला म्हणाली. "बिल दावा. इचारा, पॅनेलं बसवून पैसं वाचत्याल का? आन साहेब काय सांगतील त्याची गाठ बांधून ठेवा."

मुकिंदा गेला. बिल दाखवलं. ते होतं पौषातलं. पौषात मशीन झाकून ठेवलेलं असतं. साहेबांनी बिल बघितलं आणि हसले.

"अहो, एवढ्याशा बिलाला पॅनेलं कशाला? हे चार दिव्यांचं बिल आहे."

"आन मशीन?"

"मशीन आहे होय! मग एका महिन्यावरून काय कळणार? तुमचा एखादा महिना तिखट, एखादा सपक. सगळे महिने एकत्र करायचे आणि बारांत सारखे वाटायचे. मग खरं काय ते कळतं."

मुकिंदानं खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली. सगळं एकत्र करायचं, बारांत सारखं वाटायचं. घरी येईपर्यंत तो तेवढंच घोकत होता.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. हौसा बाजाराला निघाली. ओसरीवर बायांनी पहिल्या मिरच्या आणून ठेवल्या होत्या. एरवी बाई आपली मिरची कुटून होईपर्यंत मशीनसमोरून हलत नाही. घरात दुखणं असो की पाहुणा असो, ती तिथं बसणार म्हणजे बसणार. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत गेलेली आमच्याकडं कुणाला चालत नाही. पण त्या दिवशी गावात हळदीकुंकू होतं, आणि बाया नटून तिकडं गेल्या होत्या.

"तेवढी मिरची कुटून ठेवा," हौसा सांगून गेली.

मुकिंदानं मोजल्या तर पिशव्या नेमक्या बारा. त्याला आनंद झाला. तानूबाईची बेडगी होती, नुसती रंगाला, कारण तिच्या नवऱ्याला पित्ताचा त्रास. गोकुळाबाईची लवंगी होती, कारण तिचे तीन पोरगे तालमीत जायचे आणि साध्या तिखटाच्या आमटीला आमटी म्हणायचे नाहीत. मुकिंदानं सगळी मिरची एकत्र ओतली. कुटली. आणि बारा पिशव्यांत सारखी वाटली. एक चमचा इकडं नाही की तिकडं नाही.

रात्रीच्या जेवणाला गावात कल्लोळ उठला. तानूबाईचा नवरा पहिल्याच घासाला उठून आडाकडं पळाला. गोकुळाबाईच्या पोरांनी ताटं बाजूला सारली. "आये, आमटीत गुलाल टाकलाईस का गं?" असं थोरला म्हणाला. बाया पिशव्या घेऊन हौसाच्या दारात आल्या.

"अवो, हे काय केलंसा?" हौसा ओरडली.

"कुनाचं तिखट, कुनाचं सपक. एकत्र केलं, बारांत वाटलं. आता खरं काय ते कळंल."

"कळलं की!" तानूबाई म्हणाली. "आमच्या मालकास्नी चांगलंच कळलं."

हौसानं कपाळावर हात मारून घेतला. "अवो, ज्याची वस्तू त्यो मालक समोर बसल्याबिगर हात लावायचा नसतो! मालक समोर पायजे!"

"चुकलं माझं," मुकिंदा म्हणाला. "आता न्हाई चुकनार." आणि त्यानं पंच्याला दुसरी गाठ मारली.

"माझा ल्योक गुणाचा हाय," बयाबाई आतून म्हणाली. "सांगितलं तेवढं करतो."

हौसानं पदरची मिरची घालून बारा जणींना बारा तऱ्हेचं तिखट करून दिलं. वर्षाची बिलं तिनं स्वतःच शोधली आणि गावातल्या दूधवाल्याबरोबर साहेबांकडं धाडली. साहेबांचा निरोप आला, स्लॅबवर ऊन किती पडतं ते बघायला येतो.

साहेब यायच्या दिवशी कांडपात गर्दी होती. हौसाचे हात कोपरापर्यंत लाल. "साहेबास्नी वर न्या," तिनं मुकिंदाला सांगितलं. "त्येंस्नी काय मोजायचं ते मोजू द्या. मधीमधी करू नका."

मुकिंदा विचारात पडला. साहेब स्लॅबला हात लावणार. स्लॅब कुणाचा? घर आईच्या नावावर. म्हणजे मालक आई. मालक समोर पाहिजे!

त्यानं आईला पाठुंगळी घेतलं आणि जिन्यावरून वर नेलं. खुर्ची नेली. ऊन लागेल म्हणून छत्री दिली. पानाची चंची दिली. बयाबाई कित्येक वर्षांत गच्चीवर गेली नव्हती. तिला चहूकडचं गाव दिसायला लागलं आणि ती एकदम खुलली.

"अरं, गोकुळीनं परड्यात काय वाळत घातलंय बघ तरी! आन त्यो रंगरावाचा बैल कुणाच्या शेतात शिरलाय?"

साहेब वर आले. हातात टेप, मोबाइलवर दिशा दाखवणारा काटा. बघतात तर स्लॅबच्या मधोमध गोल सावली.

"ही सावली कशाची?"

"छत्रीची."

"छत्री कुणाची?"

"आईची."

"आई कुणाची?"

"माझी."

साहेबांनी घाम पुसला. "अहो, पण त्या इथं कशाला बसल्यात?"

"घर तिच्या नावावर हाय. मालक समोर असल्याबिगर हात लावायचा नसतो."

"मुकिंदराव, नीट ऐका," साहेब म्हणाले. "ऊन हीच आपली मिळकत. नऊ ते तीन ह्या वेळात मधे सावली आली की झालं नुकसान. म्हणून सावली पाडणारं जे काही असेल ते आधी हटवायचं. कुणाला विचारत बसायचं नाही. हटवायचं."

"चुकलं माझं. आता न्हाई चुकनार." तिसरी गाठ.

बयाबाईला मात्र कुणी हटवू शकलं नाही. ती दिवस मावळेपर्यंत खाली आली नाही. साहेबांनी तिच्याभोवतीनं टेप फिरवला, तिनं दिलेलं पान खाल्लं, आणि जाताना हौसाला सांगितलं, "जागा चांगली आहे. ऊन भरपूर आहे. हिशोब करून कळवतो." हौसाच्या जिवात जीव आला.

पुढं वैशाखात रंगरावांच्या मुलीचं लग्न निघालं. रंगराव म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या दारात मोठा मांडव पडला होता. वर कापड, खाली सतरंज्या, मधे दोन मोठे पंखे. हौसा स्वयंपाकात होती. तिनं मुकिंदाला सकाळीच धाडलं. "जावा, मांडवात काय करायचं ते बघा. दिसंल ते काम करा, कुनी सांगायची वाट बघू नका."

मुकिंदा मांडवात उभा राहिला. काय काम दिसतंय ते बघू लागला. नऊ वाजले. ऊन वर आलं. आणि त्याला काम दिसलं. सगळीकडं सावली!

कुणाला विचारत बसायचं नाही. हटवायचं. त्यानं मागच्या बाजूनं दोर सोडायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, मुकिंदा दोर आवळतोय. एक जण तर म्हणाला, "शाबास, गुणी माणूस!" एकेक खांब मोकळा झाला. कापडाच्या घड्या झाल्या. घड्या नीट एकावर एक रचल्या गेल्या. इकडं नवरदेवाची वरात वाजतगाजत वेशीतून आली. बँडवाले दारात पोचले, आणि त्यांच्या डोक्यावरचं शेवटचं कापड निघालं.

वऱ्हाड उन्हात उभं. ओवाळायला आलेल्या नवरीच्या आईनं डोक्यावर ताट धरलं. ताटात आरतीचं कुंकू होतं, ते तिच्या नाकावर सांडलं.

"मुकिंदा!" रंगराव गरजले. "मांडव कुठं हाय?"

"हटवला."

"का?"

"सावली पाडत हुता."

रंगरावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मंगलकार्य होतं म्हणून, नाहीतर मुकिंदाचं काही खरं नव्हतं.

"तीन वाजता परत बांधतो," मुकिंदानं त्यांना धीर दिला.

तीन कुठले आणि काय कुठले! मुहूर्त तोंडावर आला होता. हौसा धावली. गावातल्या बाया धावल्या. कुणी वाकळ आणली, कुणी मिरची वाळवायची ताडपत्री आणली, कुणी कपाटातली साडी आणली. असं ठिगळाठिगळाचं छप्पर करून एकदाच्या अक्षता पडल्या. वऱ्हाडातल्या निम्म्या लोकांना अक्षतांच्या आधी शिंका आल्या. सगळ्यांत आरामात होती बयाबाई. तिनं छत्री आणली होती.

जेवणं झाल्यावर रंगरावांनी मुकिंदाला बाजूला घेतलं. राग गिळून म्हणाले, "हे बघ. आज बायांनी कशी नड भागवली बघितलीस? घरात बिनकामाचं पडलेलं शोधलं आन काढलं. नड पडली की असं करायचं. आन जे कामात हाय, त्याला बोट लावायचं न्हाई. शिरलं का डोक्यात?"

"चुकलं माझं. आता न्हाई चुकनार." आणि पंच्याला चौथी गाठ बसली. पंचा आता आखूड दिसायला लागला होता.

"माझा ल्योक गुणाचा हाय," बयाबाई छत्रीखालून म्हणाली.

हौसानं त्या रात्री बायांच्या वाकळा आणि साड्या घरोघरी पोचवल्या.

हंगाम सरला. हौसानं मशीन पुसलं, वंगण दिलं, वर गोणपाट टाकलं. आणि बिडकर साहेब हिशोब घेऊन घरी आले.

"हौसाबाई, घरातले दिवे-पंखे म्हणजे काहीच नाही," ते म्हणाले. "तुमचं बिल म्हणजे हे मशीन. तेच सगळं खातंय. पण ऊन तर बारा महिने आहे. मशीन बंद असेल तेव्हा पॅनेलांची वीज कंपनीकडं जमा होईल, हंगामात ती तुमच्या बिलातून वजा होईल. माझ्या हिशोबानं निम्मं बिल नक्की वाचेल. पाच-सहा वर्षांत पॅनेलांचे पैसे सुटतील, आणि पुढची वीज फुकट."

"म्हंजे कांडप राहतंय?"

"राहतंय काय? वाढवा."

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्या वेळी मिरची नव्हती की बिल नव्हतं. ती हळूच उठली, मागच्या खोलीत गेली आणि गोणपाटावरून एकदा हात फिरवून आली.

पैसे तिनं जमवले होते, ते साहेबांना दिले. थोडे कमी पडत होते. ते भाऊ देणार होता. साहेबांनी सांगितलं, माणसं परवा पॅनेलं घेऊन येतील, राहिलेले पैसे तेव्हा द्या. पुढची गिऱ्हाइकं रांगेत आहेत, तेव्हा उशीर नको. हौसा लगेच माहेरी गेली. जाताना मुकिंदाला दम देऊन गेली, "मी परवा सकाळी येते. पॅनेलं परत जाऊ द्यायची न्हाईत. कायबी करा, पर परत जाऊ द्यायची न्हाईत."

परवा उजाडला. भावाला पैसे मिळायला उशीर झाला, त्यामुळं हौसाची सकाळची एसटी हुकली; मग गाडी थेट दुसऱ्या दिवशीच. आणि इकडं टेम्पो दारात उभा.

"पैसे?" साहेबांच्या माणसानं विचारलं.

"हौसा आनतीय."

"कधी येणार?"

"सकाळी."

"दुपार झाली की! आम्ही निघतो. पुढच्या गावात गिऱ्हाईक वाट बघतंय."

मुकिंदा गडबडला. पॅनेलं चालली! म्हणजे ही नडच की! त्यानं पंचा चाचपला. चौथी गाठ हाताला लागली. नड पडली की घरात बिनकामाचं पडलेलं शोधायचं. कामातल्या वस्तूला बोट लावायचं नाही.

"अर्धा तास थांबा," तो म्हणाला, आणि शोधायला लागला.

पंखा बघितला. फिरत होता. कामात. फ्रिज बघितला. गुरगुरत होता. कामात. पितळी हंडा बघितला, त्यात पाणी होतं. तोही कामात. शेवटी तो आईजवळ आला.

"आये, तू बिनकामाची पडलीयास का गं?"

"मेल्या, माळ ओढतीय दिसत न्हाई?"

"म्हंजे कामात," मुकिंदा म्हणाला आणि पुढं गेला.

मागच्या खोलीत गोणपाट होतं. गोणपाटाखाली मशीन होतं. महिनाभर ते कुणी चालवलं नव्हतं. मुसळांवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. मुकिंदानं कान लावून बघितलं. काही आवाज नाही.

आता ह्याच वेळी त्याला दुसरी गाठ आठवली असती, मालक समोर पाहिजे ती, तर काय बिघडलं असतं? पण मुकिंदा एका वेळी एकच गाठ लक्षात ठेवायचा.

शेजारच्या गावात सर्जेरावाचं कांडप होतं. त्याची सगळी गिऱ्हाइकं हौसानं आपल्याकडं ओढली होती. तो येताजाता मुकिंदाला म्हणायचा, "दाजी, मशीन इकायचं झालं तर मला सांगा." मुकिंदानं फोन केला. दारातला चहा निवायच्या आत सर्जेराव गाडी घेऊन हजर. भाव केला नाही, घासाघीस केली नाही. मुकिंदाला वाटलं, किती भला माणूस! मशीन गाडीत चढलं. बयाबाईला वाटलं, दुरुस्तीला चाललंय. पैसे मिळाले, ते साहेबांच्या माणसाला मिळाले, आणि दिवस मावळायच्या आत पॅनेलं गच्चीवर चढली.

हौसा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आली. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता. पॅनेलं परत गेली असणार, ह्याच काळजीनं ती वेशीत उतरली. आणि बघते तर तिच्या घरावर निळी पॅनेलं उन्हात चमकत होती! ती पळतच घरी आली.

"बसली! अवो, बसली की! पैसं कुठनं आनलं?"

"नड भागवली," मुकिंदा म्हणाला.

"कुनाकडनं?"

"कुनाकडनं न्हाई. घरात बिनकामाचं पडलं हुतं, ते काढलं. कामातल्या कशाला बोट लावलं न्हाई."

हौसाला वाटलं, माळ्यावरचं जुनं लोखंड काढलं असेल, मोडका पलंग काढला असेल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती नवऱ्याकडं कौतुकानं बघत राहिली. "शाणे झालासा हो," ती म्हणाली. मुकिंदाची छाती फुगली.

तोवर बाया जमल्या. तानूबाई आली, गोकुळाबाई आली. "हौसे, चालीव की मशीन! उन्हावर कसं चालतंय बघू तरी!" हौसा हसत हसत पुढं झाली. मागं बायांची रांग. तिनं खोलीचं दार उघडलं आणि बटणाकडं हात नेला.

खोलीत जमिनीवर गोणपाट होतं, नीट घडी घातलेलं. त्याच्याशेजारी चार बोल्टांची चार भोकं होती. बाकी काही नव्हतं.

हौसा मटकन खाली बसली. भोकांकडं बघत राहिली, आणि तिचा हुंदका फुटला. "माझं मशीन," एवढंच ती म्हणाली.

मुकिंदाला वाईट वाटलं. त्याला वाटलं, हिला अजून हिशोब समजलेला नाही. तो तिच्याजवळ उकिडवा बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, रडतीस काय? साहेब म्हनालं हुतं, निम्मं बिल वाचंल. मी सगळंच वाचवलं!"

हौसानं डोळे पुसले. उठली. भावानं दिलेले पैसे कमरेच्या पिशवीत होते, ती पिशवी तिनं घट्ट धरली. पदर खोचला आणि तरातरा सर्जेरावाच्या गावाच्या वाटेला लागली. तानूबाई, गोकुळाबाई आणि साऱ्या बाया तिच्या मागं. सर्जेराव आता काय भाव सांगणार ते देव जाणे, पण एवढ्या बायांपुढं त्याचं फार चालेल असं मला वाटत नाही.

मुकिंदा मात्र कळवळला. बायको आपल्या हातानं संसार बुडवायला निघाली, आणि तिला कुणी अडवेना! तो गच्चीवर धावला, पॅनेलांशेजारी उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं ओरडला,

"हौसेऽ! नगं आनू गं त्येला! परत बिल सुरू हुईल!"